नद्यांमधील आक्रमक परकीय माशांचे जोखीम-मूल्यमापन

नद्यांमधील आक्रमक परकीय माशांचे जोखीम-मूल्यमापन म्हणजे एखादी मत्स्यप्रजाती तिच्या मूळ अधिवासाबाहेरील नदीखोऱ्यात शिरली, तर ती तेथे तग धरेल का, पसरेल का आणि तेथील जीवसृष्टीला, मासेमारीला व पाण्याच्या वापराला किती हानी पोहोचवेल, याचा उपलब्ध पुराव्यांच्या आधारे पद्धतशीरपणे घेतलेला अंदाज होय. एखाद्या माशाच्या आयातीस, संवर्धनास किंवा विक्रीस परवानगी द्यावी की नाही, तसेच आधीच शिरलेल्या माशांपैकी कोणत्यांच्या नियंत्रणावर प्रथम खर्च करावा, हे ठरविण्यासाठी या अंदाजाचा उपयोग केला जातो.

तळ्यातून मासा काढून टाकणे कठीण असले, तरी अशक्य नसते. वाहत्या नदीत एकदा स्थिरावलेली प्रजाती पूर्णपणे हटविण्याची उदाहरणे मात्र अत्यंत विरळ आहेत. त्यामुळे नद्यांच्या बाबतीत मूल्यमापनाचे महत्त्व मासा पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वाधिक असते.

संज्ञा

परकीय प्रजाती: मानवी हस्तक्षेपामुळे, हेतुपुरस्सर वा नकळत, आपल्या नैसर्गिक प्रसारक्षेत्राबाहेर पोहोचलेली प्रजाती. गोड्या पाण्यातील माशांना डोंगर किंवा समुद्र ओलांडता येत नसल्यामुळे त्यांचे नैसर्गिक प्रसारक्षेत्र देशाच्या सीमांवरून नव्हे, तर नदीखोऱ्यांवरून ठरते. गंगेच्या खोऱ्यातील मासा कावेरीत सोडल्यास तो भारतीय असूनही कावेरीसाठी परकाच असतो.

प्रस्थापित प्रजाती: नव्या ठिकाणी माणसाच्या मदतीशिवाय प्रजनन करून पिढ्यानपिढ्या टिकून राहणारी प्रजाती.

आक्रमक प्रजाती: प्रस्थापित होऊन वेगाने पसरणारी व स्थानिक जैवविविधतेला, उपजीविकेला किंवा आरोग्याला अपाय करणारी प्रजाती. प्रत्येक परकीय प्रजाती आक्रमक नसते.

धोका व जोखीम: अपाय करण्याची अंगभूत क्षमता म्हणजे धोका; विशिष्ट ठिकाणी तो अपाय घडण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता यांचा एकत्रित विचार म्हणजे जोखीम. भक्षक मासा सर्वत्र धोकादायक असू शकतो. परंतु हिवाळ्यात ज्या नदीचे पाणी त्याला न सोसणाऱ्या तापमानापर्यंत थंड होते, तेथे त्याची जोखीम कमी असते. म्हणून जोखीम नेहमी एका प्रजातीची आणि एका क्षेत्राची अशी जोडीनेच सांगितली जाते.

नद्यांची विशेष परिस्थिती

नदी ही एकमेकांना जोडलेल्या प्रवाहांची साखळी असते. उपनदीच्या काठावरील शेततळ्यातून निसटलेला मासा काही पावसाळ्यांत मुख्य नदीत आणि तिच्यावरील धरणांत पोहोचू शकतो. पुराच्या वेळी शेततळी, मत्स्यबीज केंद्रे, ओढे आणि नदी यांमधील अंतर नाहीसे होते. ऑगस्ट २०१८ मधील केरळच्या महापुरानंतर तेथील नद्यांत दक्षिण अमेरिकेतील अरापायमा आणि उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हे मोठे भक्षक मासे आढळले. हे मासे नद्यांत कोणी जाणीवपूर्वक सोडलेले नव्हते. बंदिस्त ठिकाणी पाळलेले मासे पुराच्या पाण्याने बाहेर आले.

याउलट, नदीची रचना काही प्रजातींना अडवतेही. चंदेरा आणि गवत्या या चिनी कार्प माशांची अंडी प्रवाहाबरोबर तरंगत जाताना उबतात. ती तळाशी बसल्यास बहुधा मरतात. त्यामुळे या माशांच्या प्रजननाची शक्यता तपासताना अखंड वाहत्या पात्राची लांबी, प्रवाहाचा वेग आणि पाण्याचे तापमान विचारात घेतात. पूर्वी यासाठी सुमारे १०० किलोमीटर लांबीचा प्रवाह आवश्यक मानला जात असे. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांच्या अभ्यासानंतर अनुकूल परिस्थितीत याहून बऱ्याच आखूड प्रवाहातही अंडी उबू शकतात, असे दिसून आले. नवी माहिती मिळताच जुने मूल्यमापन पुन्हा तपासावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

धरणांमुळे या समीकरणात आणखी बदल होतो. वाहत्या, खडकाळ पात्राशी जुळवून घेतलेले स्थानिक मासे धरणाच्या संथ पाण्यात मागे पडतात, तर तिलापिया आणि सायप्रिनस यांसारख्या माशांना असे पाणी मानवते. म्हणून मूल्यमापन करताना नदीची मूळ स्थिती आणि आजची स्थिती अशा दोन्हींची नोंद आवश्यक ठरते.

प्रवेशाचे मार्ग

माशांचा नव्या खोऱ्यांत प्रवेश मुख्यतः पुढील मार्गांनी होतो:

• मत्स्यसंवर्धन: लवकर वाढणाऱ्या माशांची आयात आणि तळ्यांतून त्यांची सुटका.
• मत्स्यबीजातील भेसळ: अपेक्षित प्रजातीच्या बोटुकलीबरोबर दुसऱ्या प्रजातीची पिले येणे. पूर्व आशियातील सुडोरासबोरा पार्वा हा लहानसा मासा युरोपात अशाच प्रकारे, चिनी कार्पच्या बीजाबरोबर पसरला.
• शोभिवंत माशांचा व्यापार: काचेच्या टाकीत न मावणारे मासे नदीत वा तलावात सोडून देणे. सकर मासा या नावाने विकला जाणारा दक्षिण अमेरिकी मासा भारतातील अनेक जलाशयांत याच मार्गाने पोहोचला.
• डास-नियंत्रण: गप्पी आणि गंबुशिया हे मासे हिवतापाच्या नियंत्रणासाठी जगभर सोडले गेले.
• गळाने मासेमारीचा छंद: ब्रिटिश काळात काश्मीर आणि निलगिरी येथे ट्राउट याच हेतूने आणले गेले.
• धार्मिक वा भूतदयेच्या भावनेतून मासे सोडणे.
• खोऱ्यांना जोडणारे कालवे आणि जलवाहतूक.

मासे किती वेळा, किती ठिकाणी आणि किती संख्येने सोडले गेले, यावर त्यांची स्थिरावण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एकदाच निसटलेले दोन मासे आणि दरवर्षी सोडली जाणारी लाखभर बोटुकली यांची जोखीम सारखी नसते.

इतिहास

इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे जैविक आक्रमणांच्या अभ्यासाला शास्त्रशाखेचे स्वरूप येऊ लागले. १९७३ मध्ये समुद्र-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सागरी जीवांच्या स्थलांतरासाठी आचारसंहिता तयार केली. १९९२ च्या जैवविविधता कराराच्या आठव्या कलमात परिसंस्थांना धोका निर्माण करणाऱ्या परकीय प्रजातींचा प्रवेश रोखणे, त्यांचे नियंत्रण वा निर्मूलन करणे, हे सदस्य देशांचे कर्तव्य मानले गेले.

प्रश्नावलीच्या आधारे गुण देण्याची पद्धत प्रथम वनस्पतींसाठी विकसित झाली. ऑस्ट्रेलियात तणांच्या मूल्यमापनासाठी तयार केलेली ४९ प्रश्नांची पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या धर्तीवर गॉर्डन कॉप आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांसाठी ‘फिस्क’ नावाचे छाननी-साधन तयार केले. २०१६ मध्ये सर्व जलचरांना लागू पडणारे ‘एएस-आयएसके’ हे साधन आले. त्यात मूळ ४९ प्रश्नांना हवामानबदलाच्या परिणामांविषयीच्या ६ प्रश्नांची जोड देण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १२० क्षेत्रांतील ८१९ जलचर प्रजातींची या साधनाने छाननी करण्यात आली.

कार्यपद्धती

मूल्यमापनाचे काम सामान्यतः दोन पायऱ्यांनी चालते: प्राथमिक छाननी आणि सविस्तर मूल्यमापन.

प्राथमिक छाननी

अनेक प्रजातींमधून अधिक जोखमीच्या प्रजाती वेगळ्या काढणे, हा छाननीचा हेतू असतो. फिस्कसारख्या साधनात प्रश्नांचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रजातीचा भूगोल आणि इतिहास येतो: तिचे संवर्धन होते का, तिच्या मूळ प्रदेशाचे हवामान नव्या क्षेत्राशी जुळते का, ती अन्यत्र प्रस्थापित झाली आहे का, तेथे तिने अपाय केला का. दुसऱ्या भागात जीवशास्त्र येते: आहार, प्रजननाची पद्धत, अंड्यांची संख्या, प्रौढत्वाचे वय, प्रतिकूल पाणी सहन करण्याची क्षमता, संकराची शक्यता, रोगवहन आणि पसरण्याची साधने.

प्रत्येक प्रश्नाला ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे उत्तर, त्याचा आधार आणि उत्तराविषयीची खात्री किती, अशा तीन गोष्टी नोंदवाव्या लागतात. उत्तरांच्या गुणांची बेरीज करून प्रजातीला अल्प, मध्यम किंवा उच्च जोखमीच्या वर्गात टाकले जाते. इतर देशांत आक्रमक ठरल्याचा इतिहास हा सर्वांत विश्वासार्ह निकषांपैकी एक मानला जातो.

सविस्तर मूल्यमापन

छाननीत उच्च जोखमीच्या ठरलेल्या प्रजातींचे पुढे चार टप्प्यांत परीक्षण होते:

१. प्रवेश: प्रजाती कोणत्या मार्गाने येऊ शकते, किती वेळा आणि किती संख्येने?
२. स्थिरावणे: तापमान, प्रवाह, खाद्य आणि वीण घालण्याची जागा तिला मिळेल का?
३. प्रसार: उपनद्या, कालवे, पूर आणि माणसे यांमुळे ती किती वेगाने पसरेल?
४. परिणाम: स्थानिक माशांची शिकार, अन्नासाठी स्पर्धा, संकर, रोगप्रसार, पाणी गढूळ होणे, मासेमारीच्या उत्पन्नातील बदल.

प्रत्येक टप्प्यावर शक्यता आणि अनिश्चितता वेगवेगळी नोंदवली जाते. ‘जोखीम कमी आहे’ आणि ‘माहिती कमी आहे’ ही दोन विधाने एकच समजली जाऊ नयेत, हा या स्वतंत्र नोंदींचा हेतू असतो. परिणामांच्या तीव्रतेची प्रतवारी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० मध्ये एक प्रमाणित पद्धती स्वीकारली. तीत परिणामांची ‘किमान’पासून ‘प्रचंड’पर्यंत पाच श्रेणींत विभागणी केली आहे.

मूल्यमापन माशापुरते मर्यादित ठेवून चालत नाही. नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्या सामन माशांच्या पिलांबरोबर गायरोडॅक्टायलस सॅलारिस हा सूक्ष्म परजीवी आला आणि अनेक नद्यांमधील सामनची संख्या कोसळली. तो घालविण्यासाठी तेथील नद्यांमध्ये रोटेनोन हे मत्स्यविष वापरून त्यांतील सर्व मासे मारावे लागले. सामन हा नॉर्वेचा स्थानिक मासा आहे. संकट आले ते त्याच्या अंगावरील परजीवीच्या रूपाने.

उदाहरण: आफ्रिकी मांगूर

क्लेरियस गेरिपिनस हा आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या काही भागांतील मासा भारतात ‘थाई मांगूर’ या नावाने विकला जातो. दख्खनच्या एखाद्या नदीसाठी त्याची छाननी करताना पुढील बाबी समोर येतात.

त्याचे संवर्धन होते आणि तो मूळ प्रदेशाबाहेर अनेक देशांत प्रस्थापित झाला आहे. दख्खनचे उष्ण पाणी त्याला मानवते. त्याच्याजवळ हवेतून श्वास घेण्यासाठी पूरक इंद्रिय असल्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या, सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातही तो जगतो आणि ओलसर जमिनीवरून थोडे अंतर सरपटत जाऊ शकतो. मासे, कीटक, मृत प्राणी, कत्तलखान्यातील टाकाऊ मांस असे काहीही तो खातो. तो झपाट्याने वाढतो आणि मोठ्या संख्येने अंडी घालतो. क्लेरियस कुळातील अन्य प्रजातींशी त्याचा संकर होऊ शकतो. आग्नेय आशियात असे संकरित मासे व्यापारी प्रमाणावर तयार केले जातात. जवळजवळ प्रत्येक उत्तर जोखीम वाढविणारे आहे.

येथे नावाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. क्लेरियस मागूर हा भारतीय उपखंडातील देशी मांगूर स्वतःच संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. बाजारात दोन्ही मासे एकाच नावाने ओळखले जातात. त्यामुळे बंदीची कारवाई करताना देशी मासाही नष्ट होण्याचा आणि देशी मांगूर म्हणून आफ्रिकी मासा विकला जाण्याचा, असे दोन्ही धोके संभवतात. प्रजातीची अचूक ओळख ही म्हणून मूल्यमापनाची पहिली अट होय. भारतात आफ्रिकी मांगूरच्या संवर्धनास बंदी असून राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याचे साठे नष्ट करण्याचे निर्देश दिल्यानंतर महाराष्ट्रातही तशी कारवाई झाली.

उंबरठा गुण आणि चुका

किती गुणांपासून प्रजाती उच्च जोखमीची मानावी, ही मर्यादा प्रत्येक प्रदेशासाठी स्वतंत्रपणे ठरवावी लागते. ब्रिटनमधील माशांसाठी फिस्कची मर्यादा १९ गुणांवर निश्चित करण्यात आली होती. ही मर्यादा ठरविण्यासाठी, जिचा परिणाम आधीच माहीत आहे अशा प्रजातींवर साधन चालवून पाहतात आणि ते आक्रमक व निरुपद्रवी प्रजाती किती अचूकपणे वेगळ्या करते ते तपासतात. एका प्रदेशाची मर्यादा दुसऱ्या प्रदेशाला तशीच लावणे अयोग्य मानले जाते.

चुका दोन प्रकारच्या असतात. निरुपद्रवी मासा धोकादायक ठरवला गेल्यास मत्स्यव्यवसायाची एक संधी जाते. आक्रमक मासा निरुपद्रवी ठरवला गेल्यास नदीची कायमची हानी होऊ शकते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. १०० प्रजातींपैकी १० खरोखर आक्रमक आहेत असे समजू. साधन आक्रमक प्रजातींपैकी १० पैकी ९ ओळखते आणि निरुपद्रवी प्रजातींपैकी १० पैकी २ चुकीने धोकादायक ठरवते. मग धोकादायक म्हणून निवडल्या गेलेल्या २७ प्रजातींपैकी ९ खरोखर आक्रमक, तर १८ निरुपद्रवी असतील. ही टीका रास्त असली, तरी दुसरी बाजू अशी की, परवानगी मिळालेल्या ७३ प्रजातींमध्ये केवळ १ आक्रमक राहील. पहिल्या प्रकारची चूक अधिक अभ्यासानंतर सुधारता येते, कारण नाकारलेल्या माशाला नंतर परवानगी देता येते. दुसऱ्या प्रकारची चूक नदीत उतरल्यावर बहुधा सुधारता येत नाही. या विषमतेमुळे अनेक तज्ज्ञ सावधगिरीच्या तत्त्वाचा पुरस्कार करतात.

आक्रमक प्रजातींचे प्रत्यक्ष प्रमाण किती असते, याविषयीही मतांतरे आहेत. मार्क विल्यमसन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ‘दहाच्या नियमा’नुसार प्रत्येक टप्प्यावर सुमारे दहातील एकच प्रजाती पुढे जाते. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यात नेल्या-आणलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या २००५ मधील अभ्यासात मात्र हे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर सुमारे निम्मे असल्याचे आढळले.

भारतातील अनुभव

भारतात बहुतेक परकीय मासे उत्पादनवाढीच्या हेतूने आणले गेले आणि त्यांच्या परिणामांचा अभ्यास नंतर झाला.

मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये आणला गेला. अल्पवयात आणि वारंवार होणाऱ्या प्रजननामुळे त्याची गर्दी होऊन मासे खुरटतात आणि इतर माशांना जागा उरत नाही, हे लवकरच लक्षात आले व १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर निर्बंध घालण्याचा निर्णय झाला. तोपर्यंत तो अनेक जलाशयांत पोहोचला होता.

सायप्रिनसचा एक वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणि दुसरा १९५७ मध्ये थायलंडहून आला. तळाचा गाळ ढवळून खाद्य शोधण्याच्या त्याच्या सवयीमुळे पाणी गढूळ होते आणि पाणवनस्पती उपटल्या जातात. काश्मीरमधील सरोवरांत शायझोथोरॅक्स गटातील स्थानिक माशांच्या आणि मणिपूरच्या लोकटाक सरोवरात स्थानिक ऑस्टिओब्रामा माशाच्या घटीशी त्याचा संबंध जोडला जातो. ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग नदीखोऱ्याच्या मोठ्या भागातही हाच मासा आज प्रबळ आहे.

चंदेरा १९५९ मध्ये भारतात आला. सतलज नदीवरील गोविंदसागर जलाशयात तो १९७१ मध्ये पुरामुळे एका मत्स्यसंवर्धन केंद्रातून अपघाताने शिरला आणि पुढील काळात तेथील प्रमुख मासा बनला. कटलाचे प्रमाण मात्र घटले. एकूण उत्पादन वाढल्यामुळे या घटनेकडे यश म्हणून पाहावे की हानी म्हणून, याविषयी दोन मते आहेत. उत्पादन आणि जैवविविधता ही दोन स्वतंत्र मापे असून मूल्यमापनात ती एकमेकांत मिसळू नयेत, हे या उदाहरणातून ध्यानी येते.

महाराष्ट्रातील संदर्भ

दख्खनच्या माशांची पद्धतशीर शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३० च्या दशकात केली. परकीय मासे येण्यापूर्वी येथील नद्यांत कोणते मासे होते, हे जाणण्यासाठी ही नोंद मोलाची ठरते. कृष्णा, भीमा आणि गोदावरी यांच्या वरच्या प्रवाहांत पश्चिम घाटाबाहेर क्वचितच आढळणारे अनेक मासे राहतात. पुण्यातील मुळा-मुठा नद्यांत तिलापिया, गप्पी आणि गंबुशिया यांची नोंद झाली आहे. भीमेवरील उजनी जलाशयात ‘चिलापी’ या नावाने ओळखला जाणारा तिलापिया आज मासेमारीचा मोठा आधार आहे. त्यामुळे येथे प्रश्न केवळ ‘हा मासा घातक आहे का’ एवढाच राहत नाही. त्याच्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचे काय, हाही विचार करावा लागतो. सकर मासा जाळ्यांत आल्यास मात्र त्याच्या कठीण, काटेरी कवचामुळे जाळी फाटतात आणि त्याला बाजारात मागणीही नसते.

महाराष्ट्रातील मासा अन्यत्र परका ठरल्याचे उदाहरणही आहे. टोर खुद्री हा दख्खनी महसीर. सायक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. कृष्णेच्या खोऱ्यात त्याची संख्या घटू लागल्यावर लोणावळ्याजवळील केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. संवर्धनाच्या चांगल्या हेतूने तेथील पिले इतर राज्यांतही पाठवण्यात आली. त्यांपैकी काही कावेरीत सोडली गेली. कावेरीच्या खोऱ्यात टोर रेमादेवी हा कुबड असलेला, दुसरीकडे कोठेही न सापडणारा महसीर राहतो. कालांतराने कावेरीतील गळाला लागणाऱ्या महसीरांमध्ये दख्खनी महसीरांचे प्रमाण वाढत गेले आणि कुबडी महसीर दुर्मीळ होत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. धरणे, वाळूउपसा आणि अवैध मासेमारी हीदेखील त्याच्या घटीची कारणे मानली जातात. एका नदीसाठी संवर्धनाचे प्रतीक असलेला मासा दुसऱ्या नदीसाठी जोखीम कसा ठरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

कायदेशीर चौकट

भारतात परकीय जलचरांच्या आयातीचे प्रस्ताव तपासण्यासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय समिती आहे. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था परकीय माशांविषयी संशोधन करते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ही संज्ञा कायद्यात आली आणि अशा प्रजातींची आयात, व्यापार व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. मात्र या व्याख्येत ‘मूळची भारतातील नसलेली’ प्रजाती अभिप्रेत आहे. एका भारतीय खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेलेला मासा त्या व्याख्येत बसत नाही. कावेरीतील दख्खनी महसीर किंवा दक्षिणेकडील जलाशयांत सोडले जाणारे गंगेच्या खोऱ्यातील रोहू आणि मृगळ यांचे मूल्यमापन त्यामुळे वेगळ्या मार्गाने करावे लागते.

युरोपीय संघाचा आक्रमक परकीय प्रजातींविषयीचा नियम २०१५ पासून लागू आहे. त्यानुसार एखादी प्रजाती निर्बंधित यादीत घालण्यापूर्वी तिचे जोखीम-मूल्यमापन सक्तीचे आहे. २०१६ च्या पहिल्या यादीत सुडोरासबोरा पार्वाचा समावेश होता.

मूल्यमापनानंतरची कार्यवाही

मूल्यमापनाचा निष्कर्ष प्रजाती आक्रमणाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, त्यानुसार वापरला जातो. जी प्रजाती अद्याप आलेली नाही, तिच्यासाठी आयातबंदी आणि विक्रीवरील निर्बंध हा सर्वांत स्वस्त उपाय होय. नुकतीच दिसू लागलेल्या प्रजातीसाठी त्वरित शोध व निर्मूलन आवश्यक असते. पाण्याच्या नमुन्यातील आनुवंशिक द्रव्याचे अंश तपासून मासा प्रत्यक्ष न दिसताही त्याची चाहूल घेता येते. मिसिसिपी नदीखोऱ्यात पसरलेल्या चिनी कार्प माशांच्या शोधासाठी ही पद्धत शिकागोजवळच्या जलमार्गांत वापरली गेली. हे मासे महासरोवरांत जाऊ नयेत म्हणून तेथील कालव्यात विजेचे अडथळेही बसविण्यात आले आहेत. सर्वत्र पसरलेल्या प्रजातीसाठी नियंत्रण, स्थानिक प्रजातींचे आश्रयस्थान ठरणाऱ्या वरच्या उपनद्यांचे रक्षण आणि नव्या खोऱ्यांत प्रसार रोखणे एवढेच व्यवहार्य ठरते.

मर्यादा व मतभेद

• गुण हे तज्ज्ञांच्या निर्णयावर अवलंबून असतात. दोन तज्ज्ञ एकाच प्रजातीला वेगळे गुण देऊ शकतात. म्हणून एकाहून अधिक व्यक्तींनी स्वतंत्रपणे मूल्यमापन करावे, अशी शिफारस केली जाते.
• ज्या प्रजातीचा अन्यत्र प्रवेशच झालेला नाही, तिच्या आक्रमणाचा इतिहास उपलब्ध नसतो आणि तिला आपोआप कमी गुण मिळतात.
• परकीय मासा हा स्थानिक माशांच्या घटीचे कारण आहे की प्रदूषण आणि धरणांमुळे आधीच खालावलेल्या नदीचा लाभ घेणारा प्रवासी आहे, हे ठरविणे अवघड असते. बहुधा दोन्ही प्रक्रिया एकत्र चालतात.
• काही अभ्यासकांच्या मते ‘परकीय’ या शब्दाला नैतिक दोषाची छटा आली आहे. प्रजातीचे मूळ न पाहता तिचा परिणाम पाहावा. यावर इतरांचे उत्तर असे की, परिणाम दिसेपर्यंत थांबल्यास उपायाची वेळ निघून गेलेली असते.
• स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यात कोणता मासा केव्हा दिसू लागला आणि कोणता दिसेनासा झाला, ही माहिती अनेकदा शास्त्रीय नोंदींपेक्षा जुनी असते. प्रचलित प्रश्नावल्यांत तिला पुरेसे स्थान नाही, अशी टीका केली जाते.

हे सुद्धा पहा

• आक्रमक प्रजाती
• जैवविविधता
• तिलापिया
• महसीर
• उजनी धरण
• पश्चिम घाट